भयपटाची स्थलनिवड : ‘तुंबाड’चा पाऊस आणि शिंदखेड्याची दुपार

भयपटासाठी स्थळ निवडणे ही वरवर निर्मितीव्यवस्थेची बाब वाटते. वस्तुतः ते भयकथेचे एक वाचनच असते. कथाकार ‘ओसाड वाडा’ एवढे लिहून थांबू शकतो, उरलेला वाडा वाचक रचतो. चित्रपटकर्त्याला मात्र भिंत कोणती आणि तिच्यावरचा उजेड कोणता, हे ठरवावेच लागते.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. शीर्षकातील ग्रामनाम श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे, वाडा मात्र सासवडचा. नाव कोकणातले आणि भिंती देशावरच्या, अशी ही जुळणी पावसामुळे एकजीव होते. तो पाऊस मिळवण्यासाठी चित्रीकरण अनेक पावसाळे रेंगाळले. भौगोलिक प्रामाण्यापेक्षा भावस्थितीचे प्रामाण्य येथे श्रेष्ठ मानले गेले, आणि ते योग्यच होते.

परंतु या यशामुळे पाऊस, शेवाळ, अंधारा माळा हाच मराठी भयाचा एकमेव अवकाश ठरू पाहतो. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा परिसर या साच्यात बसत नाही. पाऊस बेभरवशाचा; बुराईचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे; जुनी घरे धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. माळाच नाही, तर माळ्यावरचे भूत कोठून येणार? उलट उन्हाळ्यात माणसे त्या धाब्यावरच, उघड्या आभाळाखाली निजतात. याच तालुक्यातील दोंडाईच्याची गढी निवडणे सोपे. पण तेथे पुन्हा वाड्याचीच सरंजामी कथा सुरू होईल.

लोकसमजुतीत तिन्हीसांजेइतकीच टळटळीत दुपारही बाधेची वेळ मानलेली आहे. भयपटाने हे सूत्र फारसे हाताळलेले नाही. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) वाड्याऐवजी उसाचा फड निवडून मोठे पाऊल टाकले. तथापि उसात दिसत नाही म्हणून भीती वाटते. वेचणी उरकलेल्या कपाशीच्या रानात मैलभर सारे दिसते आणि लपायला आडोसा नसतो. दूरवर उभी असलेली आकृती स्पष्ट दिसते. ती चालते आहे की थांबली आहे, एवढेच उन्हाच्या झळांमुळे कळत नाही.