प्रेशर वॉशरने घराच्या खिडक्या धुतांना : जोर कुठे वापरावा आणि कुठे आवरावा ?

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत खिडक्या बहुधा शेवटी रहातात. पावसाळ्यात चौकटीवर धरलेले शेवाळ, जाळीत अडकलेली धूळ आणि सरकत्या खिडकीच्या खाचेत साचलेला चिखल हाताने काढतांना कंबर दुखून येते. त्यामुळे गाडी धुण्यासाठी घेतलेला प्रेशर वॉशर आता अनेक घरांत खिडक्यांसाठीही वापरला जातो. यंत्र उपयुक्तच आहे. मात्र त्याच्या सामर्थ्याची जाण नसेल, तर खिडकी स्वच्छ होण्याऐवजी घरात पाणी शिरते, काच तडकते किंवा माणसाला इजा होते. यासाठी पुढील सूत्रे समजून घेऊया.

१. यंत्राचा दाब किती असतो ?

गच्चीवरील टाकीतून १० मीटर खाली आलेल्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. घरगुती प्रेशर वॉशर साधारणतः १०० बार किंवा त्याहून अधिक दाब निर्माण करतो. म्हणजे टाकी १ किलोमीटर उंचीवर ठेवली, तर नळाला जेवढा जोर येईल, तेवढा जोर आपल्या हातातील बंदुकीत असतो. हे एकदा मनात ठसले की, पुढील दक्षता ओझे वाटत नाही.

२. कोणत्या खिडक्यांवर यंत्र वापरू नये ?

अ. जुन्या लाकडी खिडक्या : यांच्या काचा लांबी, म्हणजे पुट्टी लावून बसवलेल्या असतात. काही वर्षांत ती वाळून ठिसूळ होते आणि फवाऱ्याने तिचे तुकडे निघतात. लाकडावरील रंगही सुटतो.

आ. तडा गेलेली किंवा सैल झालेली काच : काचेवर बोटाने हळूच टिचकी मारावी. ती खडखडत असेल, तर आधी दुरुस्ती करावी.

इ. दुहेरी काचेच्या खिडक्या : कडेचे आवरण फाटल्यास दोन काचांमध्ये बाष्प जमते. ते कधीच पुसता येत नाही.

ई. न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या : पट्ट्यांमधील फटींतून पाणी थेट आत जाते.

उ. वरच्या मजल्यावरील खिडक्या : शिडीवर उभे राहून हे यंत्र कधीही चालवू नये. घोडा दाबताच बंदूक मागे ढकलते आणि तोल जातो. शिवाय मळके पाणी खालच्या शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, ते वेगळेच.

थोडक्यात, तळमजल्यावरील किंवा जमिनीवर उभे राहून पोचता येईल अशी, ॲल्युमिनियमच्या चौकटीची भक्कम खिडकी यासाठी योग्य आहे.

३. पूर्वसिद्धता

अ. खिडकी कडी लावून घट्ट बंद करावी. आतील पडदे आणि जवळची विजेची उपकरणे बाजूला करून खालच्या कडेला जुने फडके ठेवावे.

आ. बाहेरच्या भिंतीवर विजेचा बोर्ड, दिवा किंवा एसीचे यंत्र असेल, तर त्या बाजूला फवारा नेऊ नये.

इ. जाळी काढता येत असेल, तर काढून जमिनीवर आडवी ठेवावी आणि दुरून धुवावी. जवळून मारल्यास ती फाटते.

ई. कोरडी धूळ आधी कुंच्याने झाडावी. ती ओली झाली की, तिचा चिखल होतो.

४. प्रत्यक्ष कृती

अ. सर्वांत रुंद फवारा देणारी तोटी लावावी. रंगाची खूण असलेल्या तोट्यांमध्ये ४० अंशांची तोटी पांढरी असते. लाल, म्हणजे ० अंशाची तोटी एकाच बिंदूवर मारा करते. ती खिडकीसाठी वापरू नये.

आ. खिडकीपासून ३-४ फूट अंतर ठेवून आरंभ करावा. अंतर वाढले की, फवारा पसरतो आणि त्याचा जोर उतरतो.

इ. फवारा समोरून न मारता तिरका धरावा आणि वरून खाली यावे. खालून वर मारल्यास पाणी चौकटीच्या फटींत चढते. रबरी पट्टीवर फवारा रोखून धरू नये.

ई. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की, पावसाळ्यात पाणी घरात येते. ही छिद्रे जुन्या दातघासणीने किंवा बारीक काडीने मोकळी करावी. वर्षातून एकदा एवढे केले, तरी पुढच्या पावसात लाभ दिसतो.

५. काच मात्र हातानेच पुसावी

फवाऱ्याने चौकट, गज आणि बाहेरची माती निघते. काचेवरील तेलकट थर हातानेच काढावा लागतो. बादलीभर पाण्यात थोडा साबण घालून मऊ कापडाने काच पुसावी, स्वच्छ पाण्याने धुवावी आणि लगेच वायपरने वरून खाली पाणी ओढून घ्यावे. कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर ते काचेवर वाळताच क्षारांचे पांढरे डाग उमटतात. यासाठी कडक उन्हात खिडक्या धुऊ नयेत. सकाळची वेळ उत्तम.

६. स्वतःची आणि इतरांची सुरक्षा

अ. एवढ्या दाबाचे पाणी त्वचा भेदू शकते. वरून जखम सुईच्या टोकाएवढी दिसली, तरी आत मोठी हानी झालेली असू शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता त्वरित रुग्णालयात जावे आणि इजा उच्च दाबाच्या पाण्याने झाली आहे, हे आधुनिक वैद्यांना सांगावे.

आ. पायांत बंद पादत्राणे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे. बंदूक कुणाकडेही गमतीनेसुद्धा रोखू नये.

इ. यंत्र अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या जोडणीवरच चालवावे. वायरची जोड पाण्यात पडू देऊ नये. काम संपल्यावर यंत्र बंद करून घोडा दाबावा आणि नळीतील उरलेला दाब सोडावा.

ई. हे काम घरकामाच्या ताईंना किंवा दादांना सांगणार असू, तर ही सर्व सूत्रे त्यांना आधी दाखवून समजावणे, हे आपले दायित्व आहे.

७. पाण्याचे भान

यंत्र मिनिटाला ६ लिटर पाणी घेत असेल, तर २० मिनिटांत १२० लिटर पाणी लागते. आपल्या भागात टँकरने पाणी येत असेल, तर कुंचा, बादली आणि ओले फडके हाच योग्य मार्ग आहे. यंत्र वापरायचेच असेल, तर सर्व खिडक्या आधी झाडून घ्याव्यात आणि मग सलग धुवाव्यात.

यंत्र हाती घेण्यापूर्वी 'या खिडकीला जोराची आवश्यकता आहे कि हळुवार हाताची ?', हा प्रश्न स्वतःला विचारावा. बहुतेक खिडक्यांचे उत्तर 'थोडा जोर आणि पुष्कळ हात' असेच येईल.