आधी बंद करून ऐक

बाई, तू पाठवलेल्या आजीच्या ओव्या ऐकल्या. ओव्या झकास, पण आजी कंधारच्या घरात जात्यावर बसून गाते की मंगल कार्यालयाच्या स्टेजवर, हेच कळेना. आकडे फोनवर सांगून ध्यानात राहत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधली तुझी फाईल उघडून बघितली. एका ट्रॅकवर प्लगइनची केवढी ही रांग लावायलीस गं? नॉइज काढणारं, इक्यू, कॉम्प्रेसर, पुन्हा इक्यू, ऑटोट्यून, रिव्हर्ब, एको, शेवटी लिमिटर. आणि सगळीकडं तयार प्रीसेट. 'फीमेल पॉप व्होकल' नावाचा प्रीसेट ज्यानं बनवला, त्यानं दळण दळणारी सत्तरीची बाई कधी ऐकली नसणार. त्याच्यापुढं वेगळा आवाज होता, वेगळा माईक होता. त्याचे आकडे तुझ्या आजीला बसतील कसे?

तू म्हणशील, "पण ताई, लावलं की भारी वाटतंय." वाटणारच. बहुतेक प्रीसेट आवाजाची पातळी थोडी वर ढकलतात, आणि एखादा डीबी जरी वाढला तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो. माळेगावच्या यात्रेत दोन तंबू शेजारी लागले की ज्याचा भोंगा मोठा त्याच्याकडं गर्दी वळते, तसंच. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं होतं: आवाज मोठा झाला की खालचा खर्ज आणि वरची धार कानात जास्त भरते. म्हणून एक सवय लावून घे. प्लगइन लावलं की त्याचं आउटपुट एवढं खाली आण, की प्लगइन चालू असताना आणि बंद असताना आवाज सारखाच मोठा लागेल. मग डोळे मिट आणि नावासमोरची टिक चालू-बंद कर. कोणतं चालू, कोणतं बंद हे विसरून जा. तरीही एक बाजू बरी वाटली, तर प्लगइन ठेव. फरकच कळला नाही तर काढून टाक. तुझ्या रांगेतली निम्मी नावं इथंच गळतील, मला खात्री आहे.

आता कॉम्प्रेसर, कारण सगळ्यात जास्त नासधूस त्यानंच केलीय. 'ऑटो मेक-अप'ची टिक काढ, आवाज फुगवणारी तीच. रेशो ३ ला १ ठेव आणि थ्रेशोल्ड हळूहळू खाली आण. आजी जोरात ओढून गाते तेव्हा मीटर तीन-चार डीबी दाबताना दिसलं की थांब. तुझं सतत बारा डीबी दाबायलंय. त्यामुळं आजीचा श्वास आणि जात्याची घरघर गाण्याइतकीच मोठी झाली, आणि ओवीतला चढउतार सपाट झाला. अटॅक दहा-वीस मिलिसेकंदांवर ने. एकदम कमी ठेवलास तर शब्दाचं पहिलं अक्षरच बोथट होतं. उद्या कुणी हलगी घेऊन आलं तर हे आणखी सांभाळ, थापेची सगळी मजा त्या पहिल्या क्षणात असते.

इक्यूत शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं, असं सगळे शिकवतात. एकट्या बाईच्या आवाजाला ते बरोबर आहे. पंख्याची घूं आणि रस्त्यावरच्या टेम्पोचा घुमारा तिथंच असतो. पण इथं जातंही गातंय ना? त्याचा खालचा घुमारा कापलास की ओवीचा ताल गेला. पन्नास-साठच्या आसपास काप आणि बंद-चालू करून ऐक.

ऑटोट्यून मात्र काढच. हे यंत्र १९९७ साली अँडी हिल्डेब्रँडनं काढलं. आधी तो तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परत येणाऱ्या लहरींचं गणित करायचा, तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. माणूस हुशार, वाद नाही. पण यंत्राला पियानोच्या बारा पट्ट्या ठाऊक. आजीचा स्वर दोन पट्ट्यांच्या मधून घसरत येतो, तीच तर तिची ओळख. ते घसरणं यंत्राला चूक वाटतं आणि ते त्याला जवळच्या पट्टीवर नेऊन बसवतं.

रिव्हर्बचं खरं सांगू? तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीच एवढी घुमते की वरून आणखी घालायची गरज नाही. स्लॅबखाली, फरशीवर बसवलंस ना तिला? मागच्या जुन्या माळवदाच्या खोलीत बसव. मातीची भिंत आणि मातीचं छत आवाज पिऊन घेतात. तिथं जमलं नाही तर आजीच्या पाठीमागं दोन जाड वाकळा टांग, पंखा बंद कर, माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा तिरका ठेव. सगळ्यात मोठ्या स्वरालाही मीटर उणे दहाच्या वर जाऊ देऊ नकोस. एवढं केलंस की प्लगइनला कामच उरत नाही. लिमिटरनं फुगवायचीही घाई नको. लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप; यूट्यूब उणे चौदा लफ्सच्या वरचं गाणं स्वतःच खाली आणतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आवाजासकट. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे त्यातल्याच. त्यांचं ध्वनिमुद्रण शोधून ऐक. बाई समोर बसून गायल्यासारखं वाटतं. तुझ्या मिक्सला हीच कसोटी लाव.

आणि एक विनंती. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड केलेली कोरी फाईल दोन ठिकाणी जपून ठेव, एक पेनड्राइव्हवर आणि एक माझ्याकडं पाठवून. प्लगइन कधीही बदलता येतील. कोरी फाईल खोडू नकोस.