ताल, टिकटिक आणि मंडळीचें गायन

शास्त्रपाठ : १ इतिहास १५:१६–२२, २ इतिहास ५:११–१४, १ करिंथ १४:७–८

शलमोनाच्या मंदिरांत कराराचा कोश आणिला त्या दिवशीं गाणारे लेवी झांजा व तंतुवाद्यें घेऊन वेदीच्या पूर्वेस उभे होते, आणि १२० याजक त्यांजबरोबर कर्णे वाजवीत होते. इतक्या जणांचा नाद जेव्हां एक झाला, तेव्हां मंदिर मेघानें भरून गेलें. हें ऐक्य आपोआप आलें नव्हतें. दाविदाच्या काळींच हेमान, आसाफ व एथान ह्यांस पितळी झांजा नेमून दिल्या होत्या, आणि कनन्या हा निपुण असल्यामुळें गायन शिकवीत असे. झांज सूर धरीत नाहीं. ती वेळ दाखविते. मोठ्या समुदायांत शेवटच्या मनुष्यासही ती ऐकूं जाते.

आज त्या झांजेचें काम करणाऱ्या एका लहानशा साधनाविषयीं आम्ही लिहीत आहों. महाड व पोलादपूर ह्या भागांतील वाड्या डोंगराच्या कुशींत दूरदूर वसल्या आहेत. एका वाडीचें गीत दुसरीस शिकवावयाचें तर शिक्षकानें चालत जावें, हाच पूर्वीं मार्ग होता. आतां गीत मोबाइलवर मुद्रित करून पाठवितां येतें; मुंबई-पुण्यास कामास असलेलीं मुलेंही तें ऐकून शिकतात. परंतु प्रत्येकानें आपापल्या घरीं शिकलेलें गीत नाताळच्या उपासनेंत एकत्र म्हणूं लागलें म्हणजे ढोलकी पुढें धांवते, म्हातारीं माणसें मागें राहतात, आणि तिसऱ्या कडव्यास अर्धी मंडळी गप्प होते. एका उखळांत दोघी कांडूं लागल्या व एकीनें घाई केली, तर मुसळावर मुसळ आदळतें. तसेंच हें होय.

ह्यावर उपाय म्हणून मुद्रित गीताखालीं समान अंतरानें टिकटिक घालतात. अशी टिकटिक करणारें मेट्रोनोम नांवाचें लंबकाचें यंत्र आम्स्टरडॅम येथील विंकेल ह्यानें १८१४ सालीं रचिलें, व मेल्झेल ह्यानें १८१५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पुढें बोलपट निघाल्यावर चित्र व वाद्यें जुळावीं म्हणून वादकांच्या कानांत असेच ठोके देऊं लागले. आतां संगणकावरील ‘ऑडॅसिटी’ ह्या विनामूल्य साधनांत ‘ऱ्हिदम ट्रॅक’ नांवाची सोय आहे. तिनें हें काम घरबसल्या होतें. त्याची रीत पुढीलप्रमाणें :

पहिलें, गति मोजा. घड्याळ समोर ठेवून गीताच्या मात्रा पूर्ण एक मिनिट मोजाव्या. पंधरा सेकंद मोजून चौपट केल्यास एका मात्रेची चूक चार मात्रांची होते. मिनिटास ७२ मात्रा आल्या तर दोन ठोक्यांमधील अंतर सुमारें ०.८३ सेकंद होतें.

दुसरें, सम शोधा. पुष्कळ गीतें समेवर सुरू होत नाहींत. एकदोन अक्षरें आधीं येऊन मग सम पडते. पहिल्या अक्षरावरच मोठा ठोका ठेविला तर सारें गीत वांकडें होतें. दादऱ्याच्या ६, रूपकाच्या ७ आणि केरव्याच्या ८ मात्रा लक्षांत घेऊन आवर्तन ठरवावें. गीतापूर्वीं एक रिकामें आवर्तन टिकटिक ठेवावी, म्हणजे म्हणणारा सावध होतो.

तिसरें, परीक्षा शेवटीं करा. आरंभीं ठोका जुळला एवढ्यानें समाधान मानूं नये. गाणाराची गति मिनिटास ७२॥ आणि यंत्राची ७२ असेल, तर एका मिनिटांत अर्ध्या मात्रेचा फरक पडतो, व ठोका बरोबर दोन मात्रांच्या मध्यें येतो. म्हणून शेवटचें कडवें ऐकून गति सुधारावी.

चौथें, टिकटिक निराळी राखा. पिठांत मीठ मिसळल्यावर वेगळें काढतां येत नाहीं. तसेंच एकदां एक झालेल्या आवाजांचें आहे. म्हणून मूळ गीत जसेंच्या तसें जपून ठेवावें, आणि ठोक्याची नक्कल दुसऱ्या नांवानें काढावी. ढोलकीवाल्यासाठीं गीत उजव्या कानांत व टिकटिक डाव्या कानांत ठेवावी. नवें गीत टिकटिक ऐकत मुद्रित करावयाचें असल्यास ती कानांतील यंत्रानेंच ऐकावी. उघडी वाजविली तर ती गीतांत उतरते.

आतां मुख्य गोष्ट. वाद्याशिवाय मोकळेपणानें म्हटलेल्या गीताची गति एकसारखी नसते; श्वासासाठीं, शब्दासाठीं ती थांबते. त्यावर यंत्राची समान टिकटिक लादूं नये. तेथें कोणी जाणत्यानें गीत ऐकत हातानें ठोके द्यावे व तेच मुद्रित करावे, किंवा गीत पुन्हा म्हणावें. ओवीचा तर विचारच निराळा. फादर स्टीफन्सांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें, आणि टिळकांनीं आरंभिलेलें ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. तीं दोन्हीं ओवीबद्ध आहेत. ओवी जात्याबरोबर चालते, घड्याळाबरोबर नव्हे. तिला टिकटिकीची गरज नाहीं.

आणि गति ठरवावी कोणी? बोटें चपळ असलेल्या तरुण वादकानें नव्हे. मंडळींतील वृद्ध बाई एका श्वासांत जी ओळ पुरी करूं शकते, ती आमची गति. भाताची लावणी करतांना रांग मोडूं नये म्हणून पुढची बाई मागचीकडे पाहते. जी गति दुर्बळास मागें टाकते, ती बिनचूक असली तरी मंडळीची नव्हे.

नियमशास्त्र हें ख्रिस्ताकडे नेणारा बालरक्षक होतें, असें पौल गलतीकरांस लिहितो. टिकटिकही तशीच बालरक्षक आहे. कमान बांधतांना खालीं लांकडी सांचा लावतात. दगड बसले म्हणजे तो काढून घेतात. ताल अंगीं बाणला कीं यंत्र बंद करावें. उपासनेंत तें नसावें. तेथें एकमेकांचा आवाज ऐकून गावें.

मननासाठीं प्रश्न

१. लेव्यांमध्यें झांजा वाजविण्यास निवडक माणसें कां नेमिलीं असावीं?
२. कर्ण्याचा नाद अस्पष्ट असल्यास काय होतें, असें पौल म्हणतो? आमच्या गायनास तें कसें लागू पडतें?
३. तुमच्या मंडळींत कोणत्या गीतास लोक मागें पडतात? त्याची गति एक मिनिट मोजून पाहा, आणि पुढील रविवारीं तें सर्वांत हळू म्हणणाऱ्याच्या गतीनें म्हणा.