ढगात उडायला शिकवायचं आहे?

प्रश्न : मुलाकडे कमर्शियल पायलटचं लायसन्स आहे. त्याला इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग शिकवायची इच्छा आहे. काय करावं?
– एक पालक, चांदवड

उत्तर : अमेरिकेत हे शिकवण्यासाठी स्वतंत्र रेटिंग असतं. आपल्याकडे मात्र डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) दोन पायऱ्या आहेत : आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर, मग फ्लाइट इन्स्ट्रक्टर. स्वतःचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग त्याने चालू ठेवावं.

ढगात विमान वळत असलं, तरी कान ‘सरळ चाललोय’ असंच सांगतो. तेव्हा कानाचं न ऐकता नजर कृत्रिम क्षितिज, उंची, वेग, दिशा यांवर फिरती ठेवायची, हे शिकवावं लागतं. बाहेरचं दिसू नये म्हणून विद्यार्थ्याच्या डोक्यावर हूड असताना बाहेर लक्ष शिक्षकानेच ठेवायचं.

बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण तुमच्याच महामार्गावर, धुळ्याला चालतं. तिथे चौकशी करा. मात्र कुठेही पैसे भरण्याआधी इन्स्ट्रक्टर कोर्सला डीजीसीएची मान्यता आहे का, ते तपासा.