दोघांची गादी : खरेदीपूर्वी थोडा अभ्यास

या खेपेस आम्ही एक अगदी घरगुती विषय घेतला आहे. फ्रीज घ्यावयाचा झाला तर आपल्या घरांत आठवडाभर चर्चा चालते. शेजारी, मेहुणे, जावई सर्वांचे मत घेतले जाते. गादी मात्र दुकानात दोनदा हाताने दाबून पाच मिनिटांत घेतली जाते, आणि बहुधा दोघांपैकी एकाच्याच मर्जीने. मग दुसऱ्याने दहा वर्षे त्यावर कूस बदलीत काढावयाची. आमच्या ओळखीच्या कित्येक भगिनी सकाळी कंबर धरून उठतात आणि “वय झाले” म्हणून गप्प बसतात. पुष्कळदा दोष वयाचा नसून गादीचा असतो, आणि ती बदलण्याचा विषय काढावयास त्या संकोचतात. तेव्हा नवराबायकोने हा लेख एकत्र बसून वाचावा अशी आमची विनंती आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना गादी घेण्याचा प्रश्न निराळ्या रीतीने पडत असे. कोकणात काय किंवा मुंबईत काय, गादी विकत घेत नसत, भरून घेत असत. पिंजारी धनुकली घेऊन दारी येई, जुना कापूस उसवून पिंजून देई, थोडा नवा घालून पुन्हा टाके घाली. खोळ फाटली तर खोळ बदलावी, कापूस बसला तर पिंजून घ्यावा. गादी अशी कधी संपतच नसे. पुढे भारतात काथ्या आणि रबर यांची गादी आली. कर्लऑन कंपनी 1962 साली निघाली आणि तिचे नाव तर काथ्याच्या गादीलाच चिकटले. (ही कंपनी 2023 साली स्लीपवेलवाल्या शीला फोमने घेतली.) ती गादी कडक, हवेशीर आणि स्वस्त, परंतु काही वर्षांनी मध्यभागी दबणारी. आणि पहिल्या वर्षांत जे इस्रायलला आले त्यांना सोखनुतची लोखंडी खाट व तिच्यावरील पातळ गादी वेगळी सांगावयास नको.

हे सांगण्याचे कारण असे की “टिकाऊ” या शब्दाचा अर्थ आता बदलला आहे. आजची गादी दुरुस्त होत नाही. आतला थर बसला की बसला, पिंजारी बोलावता येत नाही. म्हणून ती घेतानाच आत काय आहे हे विचारले पाहिजे. वरचे कापड आणि त्यावरची नक्षी पाहून काही कळत नाही.

प्रथम एक जुना समज बाजूला करू. पाठीला कडक बिछाना चांगला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. डॉक्टरसुद्धा पूर्वी गादीखाली फळी घाला म्हणून सांगत. स्पेनमधील डॉक्टरांनी कंबरदुखीच्या 313 रोग्यांवर याची परीक्षा घेतली आणि तिचा निष्कर्ष 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापून आला. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. नव्वद दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांचे दुखणे अधिक कमी झाले होते. कारण समजण्यास सोपे आहे. कुशीवर झोपले असता खांदा आणि नितंब गादीत थोडे रुतावयास हवेत, म्हणजे पाठीचा कणा सरळ राहतो. फळीवर ते रुतत नाहीत आणि कंबर अधांतरी राहते. उलट फार मऊ गादीत सारे शरीरच झोळीसारखे लोंबते. मध्यम म्हणजे काय हे मात्र माणसाच्या वजनावर ठरते. पंचावन्न किलोच्या बाईला जी गादी कडक वाटते तीच नव्वद किलोच्या पुरुषाला मऊ लागते. जोडप्याच्या गादीचा सारा घोळ येथेच आहे.

आता आतील मालाकडे वळू. स्प्रिंगच्या गाद्या दोन जातींच्या. जुन्या जातीत सर्व स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात. तिला बोनेल म्हणतात. ती स्वस्त असते, पण एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. दुसऱ्या जातीत प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत असते, म्हणून तिला पॉकेट स्प्रिंग म्हणतात. एक दबली तरी शेजारची आपल्या जागी राहते. नवरा पहाटे पाळीवर जाण्यास उठतो किंवा रात्री तीनदा उठावे लागते, अशा घरी पॉकेट स्प्रिंगचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. दुकानदार स्प्रिंगांची संख्या मोठ्या ऐटीत सांगतो, पण केवळ संख्येवर जाऊ नये. तार किती जाड आणि वरचा फोम कसा, यावरही टिकाऊपणा अवलंबून असतो. पुष्कळदा स्प्रिंगा शाबूत असतात आणि वरचा हलका फोमच आधी बसतो.

फोमविषयी एकच प्रश्न नेमका विचारावा : घनता किती? म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो? अठरा-वीस किलोचा फोम पाहुण्यांच्या खोलीपुरता ठीक. रोज दोघांनी झोपावयाचे तर आतील मुख्य थर निदान तीस-पस्तीस किलोचा असावा. मेमरी फोमचा हिशेब निराळा, तो पन्नास किलो किंवा अधिक असेल तर बरा. लक्षात ठेवा, घनता म्हणजे कडकपणा नव्हे. हलका फोमही कडक बनविता येतो, आणि दुकानात तो छानच वाटतो. दोन वर्षांनी त्याला खळगा पडतो. आकडा सांगण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला तर त्यातच उत्तर मिळाले असे आम्ही समजतो.

मेमरी फोमचा शोध 1966 साली अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी चाललेल्या कामात लागला, हे जाहिरातीत फार मिरवतात. त्याने गादी चांगली किंवा वाईट ठरत नाही. तो फोम शरीराच्या उष्णतेने नरम होतो आणि धक्का दुसऱ्या बाजूस पोचू देत नाही, हे गुण खरे. पण तो उष्णता धरून ठेवतो. अश्दोद किंवा लोदच्या दमट उन्हाळ्यात ज्यांना आधीच घाम येतो त्यांनी विचार करावा. आणि यरुशलेमच्या थंडीत, खोली गरम केली नाही तर, तोच फोम रात्री पडताना दगडासारखा लागतो. लेटेक्स म्हणजे रबराच्या चिकाची गादी. ती महाग आणि उचलावयास जड, परंतु चांगली असेल तर फोमपेक्षा जास्त वर्षे टिकते. मात्र “लेटेक्स” शब्द पाहून भुलू नये. सबंध गादी लेटेक्सची की वर दोन बोटांचा थर आणि खाली साधा फोम, हे विचारावे.

रुंदीबद्दल आपली म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. येथे आधी पाय मोजावेत. इस्रायलमध्ये जोडप्याची गादी साधारणतः 140, 160 किंवा 180 सेंटिमीटर रुंद मिळते. 140 म्हणजे प्रत्येकी 70. पाळण्यातील बाळाच्या गादीची रुंदीही 60 असते! जागा असेल तर 160 घ्यावी. लांबीही पाहावी, कारण 190 आणि 200 अशा दोन्ही मिळतात आणि उंच माणसाला तो फरक जाणवतो. आपल्यापैकी अनेकांची घरे जुन्या शिकूनमधील आहेत, खोल्या लहान, जिने अरुंद आणि लिफ्ट नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंस चालावयास जागा उरते का, स्प्रिंगची गादी जिन्याच्या वळणावरून जाईल का, हे फीत घेऊन घरीच मोजावे. वरच्या मजल्यावर नेण्याचे वेगळे पैसे मागतात, तेही आधी ठरवावे.

वजनात किंवा सवयीत फार फरक असेल तर दोन गाद्या शेजारी शेजारी घालणे हा उत्तम उपाय होय. या देशात त्याची सोय आयतीच आहे. धर्मनियम पाळणाऱ्या जोडप्यांसाठी दोन भाग वेगळे होणारे पलंग येथील दुकानांत सर्रास मिळतात, त्यांना “हफ्रादा येहुदित” म्हणतात. नव्वद-नव्वदच्या दोन गाद्या, एक कडक, एक मऊ. ज्यांना तो नियम लागू नाही अशा वयस्क जोडप्यांनीही याचा लाभ घ्यावा. मधल्या फटीवर पातळ गादी किंवा जाड पलंगपोस अंथरला की ती बोचत नाही. आणि वीस वर्षांनी एकाची गादी बदलावी लागली तर दुसऱ्याची बदलावी लागत नाही.

पलंगाचा सांगाडा लोक विसरतात. पट्ट्यांमधील अंतर सात-आठ सेंटिमीटरांहून अधिक असेल तर फोम त्यांत खचतो. मोठ्या पलंगास मध्यभागी पाय हवा. जुन्या खचलेल्या पलंगावर नवी गादी घातली तर वर्षात तीही खचते आणि कंपनी हमी नाकारते. खाली चादरी-रजया ठेवण्याची पेटी असलेला पलंग सोयीचा खरा, पण हिवाळ्यात आपल्या काँक्रीटच्या भिंती ओल्या होतात. पेटीस हवेची भोके नसली तर गादीस खालून बुरशी येते. उंचीही पाहावी. काठावर बसल्यावर तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. आजकालच्या जाड गाद्यांमुळे पलंग इतके उंच होतात की सत्तरीच्या बाईला रात्री उतरताना पाय चाचपावा लागतो. तेथे पडण्याचा धोका आहे, म्हणून हा मुद्दा आम्ही किमतीच्याही आधी धरतो.

दुकानात दोघांनी जावे. बूट काढावेत, आपण घरी जसे झोपतो तसे दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. लाज वाटू देऊ नये. पाठीवर असताना कंबरेखाली हात घालून पाहावा. सहज सरकतो आणि पोकळी राहते तर गादी कडक, हात शिरतच नाही तर मऊ. मग एकाने उठून पुन्हा बसावे, दुसऱ्याने डोळे मिटून किती हलते ते सांगावे. आणि प्रथम बाईंना विचारावे.

किमतीविषयी. अमिनाख, पोलिरोन, हॉलंडिया ही नावे सर्वांस ठाऊक आहेत, पण नावापेक्षा आतील माल पाहावा. “मिव्त्सा” तर बारा महिने चालू असतो, तेव्हा पुसलेल्या किमतीशी तुलना करू नये. सांगितलेल्या किमतीत माअम धरलेला असावा (जानेवारी 2025 पासून तो 18 टक्के आहे). हिशेब असा करावा : समजा 4000 शेकेलची गादी दहा वर्षे टिकली, तर रात्रीस सुमारे 1 शेकेल 10 अगोरोत पडते. 1800 ची तीन वर्षांत बसली तर रात्रीस 1 शेकेल 64 अगोरोत. स्वस्त कोणती?

हमीचा कागद सही करण्यापूर्वी वाचावा, हिब्रू जड वाटत असेल तर नातवंडांकडून वाचवून घ्यावा. किती सेंटिमीटर खळगा पडल्यास बदलून देतील? दहा वर्षांची हमी पूर्ण आहे की दरवर्षी तुमचा हिस्सा वाढत जातो? डाग पडला तर हमी जाते का? बहुधा जाते, म्हणून पहिल्या दिवसापासून धुता येणारी खोळ घालावी. टेलिफोनवरून किंवा संगणकावरून मागविलेला माल 1981 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत परत करता येतो. रद्द करण्याचा आकार किमतीच्या 5 टक्के किंवा 100 शेकेल, यांपैकी जो कमी तो. पासष्टी ओलांडलेल्यांना, अपंगांना आणि पाच वर्षांच्या आतील नवीन ओलिम यांना, विक्रेत्याशी बोलणे होऊन व्यवहार झाला असल्यास, चार महिन्यांची मुदत आहे. हे आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक आहे. मात्र खास मापाने बनविलेल्या गादीस ही सवलत नाही. दुकानात जाऊन घेतलेल्या मालाचे नियम अधिक कडक आहेत, वापरलेली गादी परत घ्यावयास दुकानदार बांधील नसतो. काही कंपन्या घरी काही रात्री वापरून पाहू देतात. तशी सवलत असेल तर ती लेखी घ्यावी आणि परत नेण्याचा खर्च कोणाचा ते विचारावे.

“नैसर्गिक” म्हणून विकल्या जाणाऱ्या गाद्यांत लोकर आणि लिननचा धागा दोन्ही असू शकतात. शाअत्नेझचा नियम पाळणाऱ्यांनी चिठ्ठी वाचावी. मिश्नेत किलायिमच्या नवव्या अध्यायात उशा-गाद्यांचा उल्लेख आहे आणि अंगाचा स्पर्श होता कामा नये असे सांगितले आहे. शंका असल्यास हाखामना विचारावे, आम्ही येथे निवाडा देत नाही.

गादी घरी आल्यावर दर तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवावी. एकाच बाजूने वापरावयाची गादी उलटी मात्र करू नये. खोळ व चादरी साठ अंशांच्या पाण्यात धुतल्याने धुळीतील सूक्ष्म किडे मरतात, दम्याच्या रोग्यांस याची फार गरज असते. सकाळी उठल्याबरोबर पलंगपोस ओढून टाकू नये, रात्रीचा घाम तासभर सुकू द्यावा. आणि गच्चीवर उन्हात गादी घालण्याची आजीची सवय कापसाच्या गादीपुरतीच ठेवावी. लेटेक्स आणि फोम उन्हाने ठिसूळ होतात, त्यांना उघड्या खिडकीजवळ सावलीत उभे केले की पुरे.