बॅटरीतील विजेचा हिशेब : प्लग-इन हायब्रिड मोटार आणि नागपूरचा उन्हाळा

ऊर्जा निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही, तिचे केवळ रूपांतर होते, हा नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे. मात्र प्रत्येक रूपांतरात ऊर्जेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने निसटतो आणि त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हे बहुधा संसाराला लागल्यावरच उमगते. प्रस्तुत लेखात याच नियमाचा विचार विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या, विशेषतः प्लग-इन हायब्रिड मोटारीच्या संदर्भात करावयाचा आहे.

हा विषय स्मरणिकेत घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. शाळेतून बाहेर पडलेल्या पिढ्यांपैकी कोणी नोकरीत स्थिरावल्यावर कुटुंबासाठी मोटार घेतो, कोणी परदेशी राहून तेथील विजेची मोटार वापरतो, तर कोणाचा चरितार्थ ई-रिक्षावर चालतो. अशा वाहनाच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असतो. कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच बॅटरी निकामी झाली, तर घराचे सारे अंदाजपत्रक कोलमडते. म्हणून बॅटरी कशी वापरावी, हे ज्ञान आज शिलाई यंत्राला तेल देण्याइतकेच उपयोगी झाले आहे.

नागपूरचा अनुभव

विजेच्या वाहनांच्या इतिहासात नागपूरचे स्थान लक्षणीय आहे. २६ मे २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत ओला आणि महिंद्रा या कंपन्यांचा विजेच्या टॅक्सींचा उपक्रम येथे सुरू झाला. सुमारे २०० वाहनांची ही योजना देशातील अशा प्रकारची पहिली म्हणून गाजली. पुढील काही महिन्यांत चार्जिंगसाठी लागणाऱ्या रांगा, त्यात जाणारा वेळ आणि चालवण्याचा खर्च यांविषयी चालकांनी व्यक्त केलेली नाराजी वृत्तपत्रांत येऊ लागली. टॅक्सी चार्जिंग केंद्रावर उभी असते तेव्हा चालकाचा रोज बुडतो, हे त्या नाराजीचे मूळ होते.

केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची ही मर्यादा ओलांडण्याचा एक मार्ग म्हणजे प्लग-इन हायब्रिड. महाराष्ट्रात याचा विचार त्याआधीच झाला होता. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०१० मध्ये ‘रेव्होलो’ नावाचा संच सादर केला. जुन्या पेट्रोल मोटारीला विजेची मोटर व बॅटरी जोडावी आणि ती घरच्या विजेवर चार्ज करता यावी, अशी ती कल्पना होती. भारत फोर्ज ही कंपनीही या कामी सहभागी होती. रस्त्यांवर हा संच रूढ झाला नाही. पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे.

एका गाडीत दोन शिदोऱ्या

प्लग-इन हायब्रिड मोटारीत पेट्रोलची टाकी असते आणि मध्यम आकाराची बॅटरीही असते. बॅटरी घरच्या प्लगवर चार्ज करता येते. वीज असेपर्यंत गाडी विजेवर धावते. ती सरत आली की इंजिन पुढे येते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटारा यांसारख्या हायब्रिड मोटारींना भिंतीवरचा प्लग जोडता येत नाही. त्यांची छोटी बॅटरी इंजिन व ब्रेक यांतूनच भरते. प्लग जोडता येणाऱ्या हायब्रिड आपल्याकडे अद्याप मोजक्या व महाग आहेत. युरोप, अमेरिका आणि चीनमध्ये त्या सर्रास आढळतात.

अशा मोटारीत चालकाला बहुधा चार पर्याय मिळतात. पहिला, केवळ विजेवर चालणे. दुसरा, वीज व पेट्रोल यांची निवड संगणकावर सोपवणे. तिसरा, बॅटरीतील वीज राखून ठेवणे. चौथा, चालत्या इंजिनाने बॅटरी भरणे. कोणता पर्याय केव्हा वापरावा, हाच या पाठाचा गाभा आहे.

वीज कोठे, पेट्रोल कोठे

सीताबर्डीच्या गर्दीत गाडी दर दोन मिनिटांनी थांबते. पेट्रोल इंजिन अशा वेळी सर्वांत वाईट काम करते. उत्तम स्थितीत ते पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण एक-तृतीयांश भाग चाकांच्या कामी आणते; गर्दीत हे प्रमाण बरेच घसरते. विजेची मोटर मात्र कमी वेगातही ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असते, थांबली की जवळजवळ काहीच खात नाही आणि ब्रेक लावताना गतीची काही ऊर्जा बॅटरीत परत आणते. म्हणून शहरातील रस्ता हे विजेचे खरे क्षेत्र होय.

महामार्गावर चित्र पालटते. तेथे इंजिन स्थिर गतीने, त्याला मानवणाऱ्या भारावर चालते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला, तर तो दीडपटीहून अधिक होतो. बॅटरी अशा वेळी भराभर उतरते. तेथे वीज राखून पेट्रोल वापरणे सयुक्तिक ठरते.

चौथा पर्याय, म्हणजे इंजिनाने बॅटरी भरणे, सहसा टाळावा. पेट्रोलपासून गती, गतीपासून वीज, विजेपासून बॅटरीतील रासायनिक ऊर्जा, तिच्यापासून पुन्हा वीज आणि शेवटी पुन्हा गती, असा हा फेरा आहे. प्रत्येक वळणावर काही अंश गळतो. भरल्या विहिरीतून गळक्या बादलीने पाणी काढून दुसऱ्या विहिरीत ओतावे, तसा हा प्रकार होय.

एक सोडवलेले उदाहरण

समजा, एका कुटुंबाला इंदोऱ्याहून अमरावतीला जाऊन त्याच दिवशी परतावयाचे आहे. शहरातून वाडीपर्यंत १५ किलोमीटर, महामार्गाचे जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, अमरावती शहरात १५ आणि परतताना पुन्हा नागपुरात १५ किलोमीटर, असे सोयीचे आकडे धरू. बॅटरीत वापरण्याजोगी ८ युनिट वीज आहे. शहरात एका युनिटमध्ये ६ किलोमीटर व महामार्गावर ४ किलोमीटर अंतर कापले जाते. पेट्रोलवर गाडी शहरात लिटरला १५ व महामार्गावर १८ किलोमीटर देते.

पहिली रीत : निघाल्यापासून वीज संपेपर्यंत विजेवरच चालायचे. नागपुरात अडीच युनिट जातील. उरलेली साडेपाच युनिट वाडीपुढे २२ किलोमीटरमध्ये, म्हणजे बाजारगावच्या आसपास संपतील. त्यानंतर दोन्ही शहरांतील ३० किलोमीटरही पेट्रोलवरच जाईल. एकूण पेट्रोल सुमारे १७.४ लिटर.

दुसरी रीत : वाडी आली की वीज राखून ठेवायची व ती अमरावतीत आणि परतल्यावर नागपुरात वापरायची. तिन्ही टप्प्यांचे ४५ किलोमीटर साडेसात युनिटमध्ये होतात. पेट्रोल केवळ महामार्गावर, सुमारे १६.७ लिटर.

फरक सुमारे पाऊण लिटरचा आहे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले, तर ८० रुपयांच्या आसपास बचत झाली. शिवाय घरी पोचताना बॅटरी जवळजवळ रिकामी आहे, आणि तशीच ती असावयास हवी. घरी प्लग उपलब्ध असताना अर्धी भरलेली बॅटरी घेऊन परतणे ही बचत नव्हे. जेथे स्वस्त वीज वापरता आली असती, तेथे आपण महाग पेट्रोल जाळले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

सर्वांत मोठी बचत

वरील युक्ती ८० रुपयांची आहे. आता दुसरा हिशेब पाहू. हीच मोटार रोज शहरात ४८ किलोमीटर चालते. रात्री प्लग लावला, तर बॅटरीत ८ युनिट भरण्यासाठी चार्जिंगमधील गळती धरून मीटरवर सुमारे ९ युनिट पडतील. युनिटला १२ रुपये धरले, तर खर्च १०८ रुपये. प्लग लावलाच नाही, तर तेवढ्याच अंतरासाठी ३.२ लिटर पेट्रोल, म्हणजे ३३६ रुपये लागतील. दिवसाला २२८ रुपयांचा हा फरक महिन्याच्या २५ दिवसांत ५,७०० रुपयांवर जातो. म्हणजेच, रोज प्लग लावण्याची साधी सवय कोणत्याही चतुर चालनापेक्षा मोठी आहे.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, प्लग-इन हायब्रिड मोटारींचे रस्त्यावरील प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आढळले. या गाड्या अपेक्षेइतक्या चार्ज केल्या जात नाहीत व विजेवर चालवल्या जात नाहीत, हे त्याचे प्रमुख कारण. ज्या घरी गाडीजवळ प्लग नाही, त्या घराने अशी मोटार घेण्यापूर्वी म्हणूनच दोनदा विचार करावा.

वीजबिलाबाबत एक सूचना. आपल्याकडे घरगुती विजेचा दर वापरानुसार टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याला सव्वादोनशे युनिटची भर पडली, तर बिल वरच्या टप्प्यात जाते. हिशेब करताना सरासरी दर न धरता त्या वरच्या टप्प्याचा दर धरावा.

नागपूरचा उन्हाळा आणि लिथियम

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आजच्या मोटारींत असलेली लिथियम-आयन बॅटरी माणसाला सोसते तेवढ्याच हवेत सुखी राहते. अतिउष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था एकत्र आल्या, की तिच्यातील रासायनिक झीज वेगाने होते. यावरून पुढील नियम निघतात.

गाडी शक्यतो सावलीत उभी करावी. भर दुपारी तापून आलेली बॅटरी लगेच चार्ज न करता थोडी निवू द्यावी. रात्री उशिरा चार्जिंग लावून ते पहाटे, निघण्याच्या सुमारास पूर्ण होईल असे करावे. गावी जाताना गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल, तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. टायरमधील हवा नियमित तपासावी. कमी हवेने दोन्ही इंधनांचा खर्च वाढतो.

वातानुकूलन यंत्र अशा उन्हात तासाला एक ते दीड युनिट सहज घेते. ८ युनिटच्या बॅटरीत ही रक्कम लहान नाही. निघण्यापूर्वी गाडी प्लगला जोडलेली असतानाच ती थंड करून घेतली, तर हा पहिला मोठा खर्च बॅटरीवर न पडता घराच्या मीटरवर पडतो.

ई-रिक्षाचा निराळा धर्म

येथे एका गैरसमजापासून सावध राहणे आवश्यक आहे. वर सांगितलेले नियम लिथियमचे आहेत. बऱ्याच ई-रिक्षांत अजूनही शिसे-आम्लाच्या, १२ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या असतात. त्यांची प्रकृती उलट आहे. लिथियमला पूर्ण भरलेले राहणे मानवत नाही, तर शिसे-आम्लाला रिकामे राहणे मानवत नाही. रिकाम्या अवस्थेत पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर साचतो व बॅटरीची धारणशक्ती कायमची घटते.

१०० अँपियर-तासाच्या चार बॅटऱ्यांत ४८ व्होल्ट गुणिले १००, म्हणजे ४.८ युनिट वीज मावते. रोज ती तळापर्यंत उपसली, तर बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी होते. दुपारच्या विश्रांतीत थोडे चार्जिंग करून निम्म्याच्या खाली न जाण्याचा प्रयत्न केला, तर ती कितीतरी अधिक काळ टिकते. काम आटोपल्यावर रात्रीच पूर्ण चार्ज करावी. सकाळवर टाकू नये. पाणी घालावयाच्या प्रकारची बॅटरी असेल, तर केवळ डिस्टिल्ड वॉटर वापरावे आणि उन्हाळ्यात पातळी वरचेवर पाहावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. अशी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो व तो स्फोटक असतो. घर लहान असले, तरी मुले झोपतात त्या बंद खोलीत चार्जिंग कदापि करू नये. हवा खेळती असावी, जवळ दिवा वा विडी-काडी नसावी, तार पुरेशी जाड असावी आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे.

वीज येते कोठून?

आपल्या प्लगमधील विजेचा मोठा भाग कोळशापासून येतो. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रे नागपूरच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांची राख आणि धूर आसपासच्या गावांच्या वाट्याला येतात. विजेची मोटार रस्त्यावर धूर सोडत नाही, हे खरे; तरी वाया गेलेल्या प्रत्येक युनिटमागे कोठेतरी कोळसा जळलेला असतो. बॅटरी जपून वापरणे हे त्यामुळे आपल्या खिशाइतकेच त्या गावांच्याही हिताचे आहे.

स्वाध्याय

ज्यांच्या घरी विजेवर चालणारे कोणतेही वाहन आहे, त्यांनी चार आठवडे एक वही ठेवावी. रोजचे किलोमीटर, चार्जिंगपूर्वीचे व नंतरचे मीटरवाचन, भरलेले पेट्रोल आणि त्या दिवसाचे कमाल तापमान, एवढ्या नोंदी पुरेत. महिन्याअखेर एका किलोमीटरचा खर्च काढावा आणि थंडीत पुन्हा तीच नोंद करून तुलना करावी. आठवी-नववीचा विद्यार्थी हा हिशेब सहज करू शकेल. पालकांनी ही वही मुलांच्याच हाती सोपवावी, अशी विनंती आहे. घरच्या गाडीची बॅटरी उतरणीला लागली, तर ते आकडे त्यांच्याच लक्षात सर्वांआधी येतील.