लेकाचा पगार आणि एकोणपन्नासावा महिना



मागच्या पाठात आपण पासबुक कसे वाचावे ते शिकलो. जमा म्हणजे खात्यात आलेला पैसा. नावे म्हणजे खात्यातून गेलेला पैसा. शिल्लक म्हणजे उरलेला पैसा. हे तीन शब्द ज्याला वाचता येतात, त्याला आपल्या घराचे अर्धे आरोग्य कळते.

आज आपण या तीन शब्दांची एक खरी गरज पाहू.

उस्मानपुरा हा छत्रपती संभाजीनगर शहराचा एक भाग. क्रांती चौक जवळ, रेल्वे स्टेशनही जवळ. सरकारी तंत्रनिकेतन इथेच आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतली मुले इथे खोली करून राहतात. कोणी शिकतो, कोणी भरतीची तयारी करतो. भल्या पहाटे ही मुले धावताना दिसतात. त्यातला एखादा सैन्यात लागतो आणि त्याच्या गावात पेढे वाटले जातात.

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या संध्याकाळच्या वर्गाला पैठण तालुक्यातल्या एक मावशी येत. त्या आपल्या बहिणीकडे उतरल्या होत्या. त्यांचा मुलगा अग्निवीर म्हणून सैन्यात गेला होता. त्याला एक वर्ष झाले होते. एके दिवशी मावशींनी पिशवीतून पासबुक काढले आणि म्हणाल्या, "बघा बरं, यात किती हाय?"

आम्ही म्हणालो, "मावशी, आता तुम्हीच वाचा."

मावशींनी बोट ठेवून एक एक आकडा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबले. शिल्लक ६४० रुपये.

"एवढंच?" मावशी म्हणाल्या. "पोरगं दर महिन्याला अठरा हजार धाडतं की!"

आम्ही मिळून पाने उलटली. जमेच्या रकान्यात बारा वेळा १८,००० होते. बारा गुणिले अठरा हजार म्हणजे २,१६,००० रुपये. नावेच्या रकान्यात मात्र ओळीमागून ओळी होत्या. मोटारसायकलचा हप्ता. भाच्याच्या लग्नाचा आहेर. नवा फोन. मुलगा सुट्टीवर आला तेव्हाचे गावजेवण. सावकाराचे व्याज. चोरी कोणी केली नव्हती. पैसा घरच्या माणसांनीच, घरच्या कामाला काढला होता. तरी दोन लाख सोळा हजार आले आणि सहाशे चाळीस उरले.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिकडं पोरगं थंडीत उभं राहतं, अन् आम्ही हितं असं केलं."

आम्ही म्हणालो, "मावशी, गेले ते गेले. अजून तीन वर्षे हातात आहेत. पुढच्या रविवारी मामांना घेऊन या."

सैन्यात सक्ती आणि बचतीत सक्ती

जगात काही देशांत प्रत्येक तरुण मुलाला ठरावीक काळ सैन्यात जावेच लागते. सिंगापुरात तसे आहे. दक्षिण कोरियात तसे आहे. इस्राएलमध्ये तर मुलींनाही जावे लागते. अशा मुलांना पूर्ण पगार नसतो, भत्ता मिळतो. दक्षिण कोरियात २०१८ पासून सैन्यातल्या या मुलांसाठी खास बचतखाते आहे. मुलगा त्यात पैसे टाकतो आणि सरकार आपली भर घालते. मुलगा घरी परतताना रिकाम्या हाताने परतू नये, हा त्यामागचा विचार.

आपल्या देशात सैन्यात जाण्याची सक्ती नाही. आपली मुले आपखुशीने जातात. पण २०२२ साली सरकारने अग्निपथ योजना आणली, आणि तिच्यात बचतीची सक्ती ठेवली. ती कशी, ते नीट समजून घेऊ.

अग्निवीराची नोकरी चार वर्षांची असते. चार वर्षे म्हणजे ४८ महिने. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले आहेत. पण हातात २१,००० येतात. उरलेले ९,००० सेवानिधीसाठी कापले जातात. म्हणजे शंभरातले तीस रुपये दर महिन्याला बाजूला पडतात.

हा तक्ता सावकाश वाचा.

पहिले वर्ष: पगार ३०,०००, कपात ९,०००, हातात २१,०००.
दुसरे वर्ष: पगार ३३,०००, कपात ९,९००, हातात २३,१००.
तिसरे वर्ष: पगार ३६,५००, कपात १०,९५०, हातात २५,५५०.
चौथे वर्ष: पगार ४०,०००, कपात १२,०००, हातात २८,०००.

चार वर्षांची कपात मिळवली तर ५,०२,२०० रुपये होतात. तेवढीच रक्कम सरकार आपल्याकडून घालते. दोन्ही मिळून १०,०४,४०० रुपये, आणि वर व्याज. चार वर्षे पुरी झाल्यावर हा सेवानिधी मुलाला मिळतो. त्यावर आयकर नाही.

पण याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. या नोकरीला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. योजनेप्रमाणे चार वर्षांनंतर शंभरातल्या २५ पर्यंत मुलांनाच कायम घेतले जाते. बाकीची मुले घरी येतात. ज्याला कायम घेतले, त्याला त्याची स्वतःची कपात आणि तिचे व्याज मिळते. सरकारची भर त्याला मिळत नाही, कारण त्याची नोकरी पुढे चालू राहते. ज्याला खास परवानगीने स्वतःच मधून नोकरी सोडावी लागते, त्यालाही सरकारची भर मिळत नाही.

म्हणून आम्ही सांगतो, मुलगा सैन्यात लागला की पहिल्याच दिवशी घरातल्या सर्वांनी एका महिन्याचा विचार करावा. तो म्हणजे एकोणपन्नासावा महिना. अठ्ठेचाळीस महिने घरी पैसे येतात. घराला त्याची सवय होते. एकोणपन्नासाव्या महिन्यात पैसे येत नाहीत. सवय मात्र तशीच राहते. मोटारसायकलचा हप्ता थांबत नाही. दुकानाची उधारी थांबत नाही. मग सेवानिधीला हात लागतो. एकदा हात लागला की दहा लाखसुद्धा ओंजळीतल्या पाण्यासारखे जातात.

मामा आले

पुढच्या रविवारी मामा आले. दोन एकर कोरडवाहू जमीन, अंगात पांढरा सदरा, बोलणे मोजके. त्यांच्या मनात एक बेत होता.

ते म्हणाले, "गुरुजी, पोराला दहा लाख मिळणार हायेत. मी म्हणतो, आत्ताच ट्रॅक्टर घ्यावा. हप्ते भरत राहू. पैसे आले की फेडून टाकू."

मावशींनी फोन लावला. मुलगा तिकडून बोलला. त्याने आदराने पण स्पष्ट सांगितले, "आबा, ते पैसे अजून माझे नाहीत. तीन वर्षं जायचीत. मला कायम घेतलं तर निम्मेच मिळतील. नाही घेतलं तर मला तेवढ्यावरच उभं राहायचंय. आत्ता नका गुंतवू."

मामा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "दोन एकराला ट्रॅक्टर पोसंल का, हे पण खरं."

बापाचा बेत वाईट नव्हता. शेत सुधारावे, मुलगा परत आला की त्याला धंदा असावा, असेच त्यांना वाटत होते. पण न आलेल्या पैशावर काढलेले कर्ज म्हणजे न उगवलेल्या पिकावर दिलेले जेवण. पीक आले तर ठीक. नाही आले तर जेवण होऊन जाते आणि देणे उरते.

तीन वाटे

त्या दिवशी आम्ही कागदावर हिशेब मांडला. मावशींनी स्वतःच्या हाताने आकडे लिहिले.

आता दुसरे वर्ष लागले होते. मुलाच्या हातात २३,१०० येणार होते. राहणे-खाणे सैन्याकडे. तेल, साबण, फोन, सुट्टीचा प्रवास, थोडी मौज, यासाठी त्याने ४,१०० ठेवावेत असे ठरले. मुलाला अगदी कोरडे ठेवू नये. बाकी १९,००० रुपये. त्याचे तीन वाटे केले.

पहिला वाटा घरखर्चाचा, ८,००० रुपये. शेतीचे उत्पन्न आणि हा वाटा, एवढ्यात घर चालवायचे.

दुसरा वाटा कर्जाचा, ४,००० रुपये. सावकाराचे ४०,००० देणे होते. व्याज शेकडा तीन रुपये, तेही महिन्याला. म्हणजे महिन्याचे १,२०० रुपये नुसते व्याज. वर्षभर घरच्यांनी व्याजच भरले. १४,४०० रुपये गेले आणि देणे होते तेवढेच उरले. महिना ४,००० दिले की व्याज वजा जाऊन मुद्दल कमी होत जाते. असे कर्ज सुमारे वर्षभरात फिटते.

तिसरा वाटा बचतीचा, ७,००० रुपये. हा मुलाच्या नावाने आवर्ती ठेवीत. आवर्ती ठेव म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आणि मुदत संपली की व्याजासह एकदम घ्यायची. पोस्टात या ठेवीची मुदत पाच वर्षे असते. बँकेत कमी मुदतीचीही मिळते. मुलाचे ३६ महिने उरले होते, म्हणून त्यांनी बँकेत ३६ महिन्यांची ठेव घेतली. छत्तीस गुणिले सात हजार म्हणजे २,५२,००० रुपये, आणि वर व्याज.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा वाटा पगार जमा होताच, त्याच दिवशी कापून जावा. बँकेला एकदा लिहून दिले की ती आपोआप कापते. महिनाअखेरीस उरेल ते ठेवू, असे म्हणणाऱ्याचे काही उरत नाही.

पैसा ठेवावा कुठे?

पैसा वाचवणे एक काम, आणि वाचलेला पैसा सांभाळणे दुसरे काम.

पोस्टातल्या बचतीमागे भारत सरकार उभे असते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. २०२० पासून एका माणसाला एका बँकेमागे पाच लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण आहे. मुद्दल आणि व्याज दोन्ही त्यातच मोजतात. म्हणून दहा लाख आले तर सगळे एका बँकेत ठेवू नयेत. दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवावेत.

पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. जास्त व्याजाच्या आशेने तिथे पैसे ठेवून नंतर हेलपाटे घालणारी म्हातारी माणसे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. जिथे व्याज फार, तिथे मुद्दलाची भीती फार.

फोनवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नये. बँकेचा माणूस तो कधी विचारत नाही. "तुमच्या मुलाला भरती करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये.

आणखी एक. खात्यावर वारसाचे नाव नोंदवले आहे का, ते पाहावे. अग्निवीराचा ४८ लाख रुपयांचा विमाही असतो आणि त्याचा हप्ता मुलाकडून घेत नाहीत. असे बोलायला जड जाते. पण नोंद नीट असावी. नोंद असली म्हणून काही वाईट होत नाही.

नियम बदलत असतात. शंका आली तर सैन्य भरती कार्यालयात किंवा मुलाच्या तुकडीच्या कचेरीत विचारावे. पारावरच्या गप्पांवर विसंबू नये.

वर्षानंतर

एक वर्षाने मावशी पुन्हा उस्मानपुऱ्याला आल्या. या वेळी त्यांनी पासबुक आमच्या हातात दिले नाही. स्वतःच उघडले आणि मोठ्याने वाचले. आवर्ती ठेवीत बारा हप्ते पडले होते, ८४,००० रुपये. सावकाराचा शेवटचा हप्ता तेवढा द्यायचा राहिला होता. "तो फिटला की ते चार हजारबी ठेवीत टाकणार," त्या म्हणाल्या. मामांच्या मनातून ट्रॅक्टर अजून गेलेला नाही. पण ते आता म्हणतात, "पोरगं आलं की त्याला विचारून घेऊ. पैसा त्याचा हाय."

पूर्वी गावात पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा. आई अंगठा उठवायची आणि पैसे मोजून घ्यायची. किती आले, किती गेले, ते दुसऱ्याने सांगावे तेव्हा कळायचे. आज पैसा दिसत नाही, खात्यात येतो आणि खात्यातून जातो. म्हणून आज वाचता येणे जास्तच गरजेचे झाले आहे.

भूदलातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या जानेवारीत सुरू झाले. तुमच्या गावातही असा एखादा मुलगा असेल. त्याच्या आईला हा पाठ वाचून दाखवा. तिला वाचता येत असेल तर तिच्याच हातात द्या.

प्रश्न

१. मावशींच्या पासबुकात एका वर्षात किती जमा झाले? शिल्लक किती होती?
२. सेवानिधीत मुलाची कपात किती आणि सरकारची भर किती?
३. मुलाने ट्रॅक्टर आत्ता नको असे का म्हटले?
४. महिना ७,००० रुपये ३६ महिने भरले तर किती होतील? स्वतः गुणाकार करा.
५. तुमच्या घरचे पासबुक घ्या. मागच्या महिन्यातले जमा, नावे आणि शिल्लक वहीत लिहा.

शब्दांचे अर्थ

मुद्दल: मूळ रक्कम, व्याज सोडून.
आवर्ती ठेव: दर महिन्याला ठरलेली रक्कम भरण्याची ठेव.
वारस: खातेदाराच्या मागे ज्याला पैसे मिळतात तो.
कपात: पगारातून कापून घेतलेली रक्कम.